टॉलेमी ते कोपर्निकस: मधली पाने कोरी नाहीत

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत खगोलशास्त्राच्या वाटचालीवर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेख सुबोध आहे आणि असे विषय मराठीत सातत्याने यावेत, अशीच माझी इच्छा आहे. मात्र पृथ्वीला मध्यभागी मानणाऱ्या दुसऱ्या शतकातील टॉलेमीवरून लेखक थेट सूर्याला मध्यभागी मानणाऱ्या १५४३ सालच्या कोपर्निकसवर येतात आणि मधल्या काळाची बोळवण ‘अरबांनी ग्रीकांचे ज्ञान जपून ठेवले’ एवढ्या एका वाक्यात करतात, त्याबद्दल हे पत्र. ज्यांच्याविषयी हे वाक्य लिहिले जाते त्यांतील कितीतरी जण रय, तूस, शिराझ, काशान, निशापूर अशा इराणी शहरांचे होते. आपल्याकडे कोणत्याही प्रांताचा पंडित शास्त्रग्रंथ संस्कृतात लिही, तसे ते बहुधा अरबीत लिहीत. ग्रीक ग्रंथ त्यांनी जपले हे खरेच, पण ते आकाशाशी ताडूनही पाहिले आणि जिथे ते चुकले होते तिथे तसे स्पष्ट लिहून ठेवले.

रय येथे ९०३ साली जन्मलेल्या अब्दुर्रहमान अल्-सूफी यांचे काम पाहावे. ९६४च्या सुमारास त्यांनी स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. टॉलेमीने दिलेल्या ४८ तारकासमूहांतील तारे त्यांनी एकेक करून पुन्हा न्याहाळले आणि कोणता तारा किती तेजस्वी, हे जुन्या नोंदीवर विसंबून न राहता स्वतःच्या डोळ्यांनी ठरवले. प्रत्येक समूहाची त्यांनी दोन चित्रे दिली आहेत: एक जमिनीवरून वर पाहताना दिसते तसे आणि दुसरे खगोलाच्या प्रतिकृतीवर बाहेरून दिसेल तसे, म्हणजे डावे-उजवे उलटलेले. आकाश ओळखू पाहणाऱ्या नवख्याचा नेमका कुठे गोंधळ होतो, हे जाणणाऱ्या माणसानेच हे करावे. याच ग्रंथात देवयानी समूहापाशी एका ‘लहान ढगा’ची नोंद आहे. तो ढग म्हणजे आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका. युरोपात तिच्याकडे दुर्बीण वळली ती १६१२ साली. ताऱ्यांची स्थाने मात्र सूफींनी नव्याने मोजली नाहीत. ताऱ्यांची स्थाने शतकानुशतके हळूहळू सरकताना दिसतात, त्या संपातचलनाचा टॉलेमीचा १०० वर्षांना एक अंश हा वेग सोडून, नंतरच्या वेधांवरून ठरलेला ६६ वर्षांना एक अंश हा वेग त्यांनी घेतला (आजचे मापन सुमारे ७२ वर्षांचे आहे) आणि जुन्या स्थानांत तेवढी भर घातली. स्थाने मुळापासून मोजण्याचे काम पुढे, आज उझबेकिस्तानात असलेल्या समरकंदला झाले.

अकराव्या शतकातील विद्वान अल्-बीरूनी यांनी नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते हे मोजून, तो ३४ कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन आणि डोंगराची उंची यांवरून पृथ्वीची त्रिज्या काढली. हे स्थळ आज पाकिस्तानी पंजाबात आहे. त्यांचा आकडा आजच्या आकड्याशी तंतोतंत जुळतो, असे हल्ली फिरणाऱ्या संदेशांत छातीठोकपणे सांगितले जाते. ते ‘हात’ या मापाची लांबी आपण किती धरतो यावर अवलंबून आहे, त्यामुळे त्यावर भर देऊ नये. एका माणसाने एका डोंगरावर उभे राहून, एका यंत्रानिशी अख्खी पृथ्वी मोजता येईल अशी रीत योजली, यातच त्यांचे मोठेपण आहे. रुबायांमुळे मराठी वाचकाच्या ओळखीचे असलेले उमर खय्याम हेही इस्फहानला ज्या मंडळींनी १०७९ साली जलाली पंचांग सिद्ध केले त्यांतले एक होते. सूर्य वसंतसंपाती (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूवर) येण्याच्या क्षणाला वर्षारंभ बांधणाऱ्या त्या पंचांगाची परंपरा इराणमध्ये आजही चालू आहे.

परंतु लेखात ज्यांचे नाव यायलाच हवे होते ते तेराव्या शतकातील गणिती-ज्योतिषी नसीरुद्दीन तूसी. हुलागूच्या मोंगोल फौजेने १२५६ साली इराणातला अलमूतचा किल्ला घेतला तेव्हा ते तिथल्या इस्माइली राज्यकर्त्यांच्या आश्रयाला होते. १२५८ साली बगदाद उद्ध्वस्त झाले, आणि पुढच्याच वर्षी त्याच हुलागूच्या आश्रयाने तूसींनी वायव्य इराणात मराघा येथे वेधशाळेचे काम सुरू करवले. शनीची एक प्रदक्षिणा पुरी होण्यास जवळजवळ ३० वर्षे लागत असल्याने वेधांना तेवढा अवधी हवा, असे त्यांचे म्हणणे होते. राजाने १२ वर्षे दिली. यंत्रे दमास्कसच्या मुअय्यदुद्दीन उर्दींनी घडवली, शिराझहून कुतुबुद्दीन आले, चिनी ज्योतिषीही तिथे होते. ग्रहांची कोष्टके १२७२च्या सुमारास पुरी झाली.

त्याहून महत्त्वाचे काम कागदावरचे होते. टॉलेमीच्या गणितात ग्रह वर्तुळावर फिरतो, पण त्याची गती एकसारखी भासते ती वर्तुळाच्या केंद्रावरून नव्हे, तर बाजूच्या एका कल्पित बिंदूवरून. आकडे जुळत, पण स्वतःच्याच आसाभोवती समगतीने फिरणारा गोल असे करील कसा, हा प्रश्न उरे. तूसींनी १२६१च्या ‘तझकिरा’ या ग्रंथात त्यावर एक विलक्षण सोपी रचना दिली. मोठ्या वर्तुळाच्या आतून, त्याच्या निम्म्या व्यासाचे वर्तुळ न घसरता फिरवत न्यावे; लहान वर्तुळाच्या परिघावरचा कोणताही एक बिंदू मोठ्याच्या व्यासावर सरळ रेषेत पुढे-मागे होत राहतो. पुठ्ठ्याची वर्तुळे कापून शाळकरी मुलांनाही हे करून पाहता येईल. दोन निव्वळ वर्तुळाकार गतींतून सरळ रेषेतली गती मिळाली आणि त्या अडचणीच्या बिंदूवाचून चंद्राचे व बहुतेक ग्रहांचे गणित मांडता आले. कोपर्निकसच्या १५४३च्या ग्रंथात हीच रचना आहे. ती त्याच्यापर्यंत कशी पोहोचली, की त्याला स्वतंत्रपणे सुचली, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे आणि तो मिटला असे कोणी सांगू नये. पण रचना त्याच्याआधी जवळजवळ तीन शतके मराघ्यात लिहून झाली होती, याबद्दल वाद नाही.

समरकंदचा राज्यकर्ता उलुगबेग याने तिथे सुमारे ४० मीटर त्रिज्येचे यंत्र उभारले, आणि १०१८ ताऱ्यांची यादी १४३७ साली सिद्ध झाली. काशानचे जमशीद अल्-काशी तिथल्या प्रमुख गणितज्ञांपैकी. १४२४ साली त्यांनी ‘पाय’चे मूल्य १६ दशांश स्थळांपर्यंत अचूक काढले होते.

हा सगळा परदेशातला इतिहास झाला, आपल्या वाचकाला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. त्यासाठी तीन नोंदी पुरेत. गोदातीरीच्या गोलग्रामाहून काशीला गेलेल्या ज्योतिषी घराण्यातील कमलाकरांनी १६५८च्या ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ ग्रंथात उलुगबेगचा आधार नाव घेऊन दिला आहे. परंपरेने महाराष्ट्रीय मानले जाणारे जगन्नाथ सम्राट यांनी जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी राहून युक्लिड आणि टॉलेमी संस्कृतात आणले, ते तूसींनी संस्कारित केलेल्या अरबी पाठांवरून. आणि त्याच जयसिंहाच्या दरबारात १७२९ साली नयनसुखोपाध्यायांनी ‘तझकिरा’तील एका प्रकरणाचे बिर्जंदी या इराणी पंडिताच्या भाष्यासह संस्कृत भाषांतर केले, ते प्रकरण नेमके त्या दोन वर्तुळांचे आहे. आपल्या पूर्वसूरींना जे शिकावेसे वाटले, त्याचा उल्लेख आपल्या लेखांतून गळावा, याची मला खंत वाटते.

म्हणून विनंती अशी की, या लेखमालेचा पुढचा भाग मराघा आणि समरकंद यांना द्यावा. दख्खनचा फारसी इतिहासकार फिरिश्ता याच्या इतिहासात नोंद आहे की, फिरोजशाह बहमनीने १४०७ साली दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर वेधशाळा बांधायला घेतली होती आणि हकीम हसन गिलानी यांच्या निधनाने ती अपुरी राहिली. इराणच्या गिलानहून आलेल्या त्या हकिमापासून सुरुवात केली तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली