टेम्सवरच्या लॉक-कीपरसाहेबांस

आदरणीय लॉक-कीपरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

निघताना तुमच्या हातात ठेवलेलं इंग्रजी कार्ड घाईत लिहिलं होतं. मनातलं निम्मंही त्यात मावलं नाही. म्हणून हे सविस्तर पत्र. मराठीत लिहिते आहे, कारण आभार आमच्या अख्ख्या घराचे आहेत आणि अण्णा-आईंना, म्हणजे माझ्या सासू-सासऱ्यांना, यातला शब्दन् शब्द वाचून मगच ते पुढे जाऊ द्यायचं होतं. थोरली तुमच्यासाठी त्याचं इंग्रजी करते आहे. सर्वांसमोर लिहिते आहे, कारण टेम्स नदीवर नावेतून सुट्टी घालवायला जाणाऱ्या दुसऱ्या मराठी घरांनाही तुमच्यासारख्या माणसांबद्दल कळावं. तुमचं किंवा तुमच्या लॉकचं नाव मात्र देत नाही. रेडिंग आणि ऑक्सफर्डच्या मधलं एक लॉक, एवढं पुरे.

ज्यांनी टेम्स फक्त लंडनच्या पुलावरून पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. नदी सुमारे 346 किलोमीटर लांब आहे. लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंत, म्हणजे समुद्राची भरती-ओहोटी जिथे सुरू होते तिथपर्यंत, तिच्यावर 44 लॉक आहेत. प्रत्येक लॉकशेजारी बंधारा असतो. बंधारा पाणी अडवून पातळी राखतो आणि लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद, नावेला एका पातळीवरून दुसरीवर चढवतं किंवा उतरवतं. झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली नाव भाड्याने घेऊन कुटुंबं स्वतःच ती चालवत नेतात. वेगमर्यादा ताशी 8 किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडीशीच जास्त. त्यामुळे बाहेरून हा प्रकार फार निवांत दिसतो, आणि बहुतेक वेळा तो असतोही.

ईस्टरच्या सुट्टीतल्या त्या संध्याकाळी आमच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ होतं. पाऊस झाला होता तो वरच्या खोऱ्यात, आदल्या दिवसांत. तुमच्या लॉकवर पिवळी पाटी लागली होती: प्रवाह वाढतो आहे. पिवळ्या पाटीला इंजिनाच्या नावेला मनाई नसते. जपून चालवा आणि बांधायला सुरक्षित जागा शोधा, एवढाच सल्ला असतो. लाल पाटी लागली की मग कुठल्याच नावेने निघू नये असं सांगतात. पाटीकडे बोट दाखवून तुम्ही आत गेला असतात तरी तुम्हाला कोणी बोल लावला नसता. तुम्ही काठावर आलात, नावेत मुलं किती, म्हातारी माणसं किती हे नजरेने मोजलंत आणि म्हणालात, "पुढचं लॉक गाठेपर्यंत अंधार पडेल. मधे बांधायला चांगली जागा नाही. आज इथेच थांबा."

आम्हाला पुढे जायचं होतं. ऑक्सफर्डला माझा भाऊ वाट पाहत होता. हे ऐकल्यावर तुम्ही नियम सांगत बसला नाहीत. धाकट्याच्या हातात एक वाळकी काटकी दिलीत, ती पाण्यात टाकायला लावलीत आणि काठाने तिच्याबरोबर चालायला सांगितलंत. काटकी पुढे गेली, तो मागे राहिला. मग तुम्ही आम्हा मोठ्यांकडे वळून सांगितलंत की पाण्याचा वेग दुप्पट झाला की नावेवरचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. पाणी चढलं की पुलाच्या कमानीखालची मोकळी जागा कमी होते आणि तिथेच प्रवाह सर्वांत जोरात असतो. परतीच्या वाटेवर तर आणखी अवघड, कारण सुकाणूवरून पाणी वाहिलं तरच नाव वळते. म्हणजे प्रवाहाबरोबर जाताना नाव ताब्यात ठेवायची तर पाण्याहून वेगाने जावं लागतं, आणि थांबायचं असेल तेव्हा तोच वेग अंगावर येतो. चार-पाच वाक्यांत तुम्ही हे सगळं सांगितलंत. आमच्या मनातली घाई तिथेच संपली. भावाला फोन केला आणि नाव बांधली.

बांधतानाही तुम्ही थांबलात. पुढचा आणि मागचा दोर नावेपासून तिरके, लांब घ्यायला लावलेत आणि थोडी ढील ठेवायला सांगितलीत, कारण रात्रीत पाणी चढलं किंवा उतरलं तर आखूड, ताणलेला दोर नावेला एका अंगाला कलंडवतो. मुलांच्या लाइफ जॅकेटचे पायांमधून जाणारे पट्टे तुम्ही माझ्यासमोर ओढून पाहिलेत. तो पट्टा ढिला असेल तर पाण्यात पडलेलं मूल जॅकेटमधून खाली घसरतं, हे मला तुमच्याकडून कळलं. आता कुठेही लहान मूल जॅकेट घालून दिसलं की माझी नजर आधी तिथे जाते.

त्या रात्री आईंना झोप लागली नव्हती. मध्यरात्रीनंतर केव्हातरी त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर तुम्ही विजेरी घेऊन बंधाऱ्यावर होतात. सकाळी त्यांनी मला एवढंच विचारलं, "त्यांना रात्रीचंही काम असतं का गं?" तुमच्या पदाच्या नावात लॉकबरोबर बंधाराही असतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं. वरून पाणी येत असताना बंधाऱ्याचे दरवाजे थोडे थोडे उचलायचे, म्हणजे वरच्या गावांत पाणी शिरू नये आणि खालच्यांवर एकदम लोट जाऊ नये. सुट्टीवर आलेल्यांना तुम्ही दिसता ते लॉकवर, हसून हात हलवताना. नदी खरी सांभाळली जाते ती बंधाऱ्यावर, आणि पुष्कळदा कोणी बघत नसताना.

सकाळी पाटी लाल झाली होती.

अडकून पडल्यामुळे जी विश्रांती मिळाली तिच्याबद्दल तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांची सगळी नोकरी कालव्यांवर आणि धरणांवर गेली, पाटकऱ्यांबरोबर उन्हातान्हात पाणी सोडण्यात आणि बंद करण्यात. इथे आल्यापासून ते गप्पगप्प असायचे. इंग्रजी त्यांना वाचता येतं, बोलताना अडखळतात. तुमच्या बंधाऱ्याचे वक्री दरवाजे पाहिले आणि त्यांचा चेहराच बदलला. आमच्याकडे पावसाळ्यात कोयनेचे सहा वक्री दरवाजे किती फुटांनी उचलले, ही बातमी घराघरांत वाचली जाते. अण्णांनी तुम्हाला विचारलं, विसर्ग किती? तुम्ही घनमीटरमध्ये आकडा सांगितलात. अण्णांनी त्याला 35 ने गुणून मनातल्या मनात क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट, केले आणि मान डोलावली. पुढचा तासभर तुम्ही दोघं हातवाऱ्यांवर आणि कागदावरच्या रेघोट्यांवर बोलत होतात. दरवाजाची कड, गंज, तळाशी अडकणारा ओंडका, गळती. मी मधे भाषांतर करायला आले, तर अण्णांनी हातानेच मला थांबवलं. एका निवृत्त माणसाला तुम्ही पाहुणा म्हणून वागवलं नाहीत, जाणकार म्हणून वागवलंत. तुमच्या उपकारांत मला हा सर्वांत मोठा वाटतो.

जुन्या काळची गोष्टही तुम्ही तेव्हाच सांगितलीत. आधी इथे आजच्यासारखी लॉक नव्हती. गिरणीवाल्यांनी पाणचक्क्यांसाठी बंधारे घातलेले, आणि नावेला जायचं तर बंधाऱ्याचा एक भाग उघडायचा. खाली जाणारी नाव त्या लोंढ्याबरोबर सुटायची आणि वर जाणारी दोराने ओढून घ्यावी लागायची. तुंबलेलं पाणी सोडायचं नाही म्हणून गिरणीवाला नावांना ताटकळत ठेवायचा. ऑक्सफर्डजवळ दोन्ही बाजूंना दरवाजे असलेली लॉक 1630च्या दशकात आली. हे ऐकून अण्णा म्हणाले, "पाण्यावरून भांडण सगळीकडे सारखंच." त्याचं मात्र भाषांतर मी केलं आणि तुम्ही मोठ्याने हसलात.

लाल पाटी उतरून पिवळी झाली, प्रवाह कमी होतो आहे असं सांगणारी. तुम्ही आणखी थोडं थांबायला लावलंत आणि दुपारी आम्हाला लॉकमध्ये घेतलंत. तिथे तुम्ही प्रत्येकाला काम वाटून दिलंत. इंजिन बंद. पुढचा दोर थोरलीकडे, मागचा आईंकडे. आईंची समजूत होती की आपण आत बसून राहायचं. तुम्ही त्यांना दोर खुंटाला एक वेढा देऊन धरायला शिकवलंत. बांधायचा नाही कधीच. पाणी भरू लागलं की नाव वर येते तशी ढील ओढून घ्यायची, उतरताना सोडत जायची. उतरताना दोर बांधलेला राहिला तर नाव भिंतीला लटकते. वरच्या दरवाजाच्या आत पाण्याखाली उंबरा असतो आणि त्याची खूण भिंतीवर रंगवलेली असते. उतरताना नावेचं मागचं टोक त्या खुणेच्या पुढे हवं, नाहीतर पाणी खाली गेल्यावर ते उंबऱ्यावर टेकतं. तुम्ही ती खूण धाकट्याला दाखवलीत आणि परतीच्या वाटेवर तिच्यावर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे सोपवलंत. ते त्याने प्रत्येक लॉकमध्ये इतक्या गंभीरपणे केलं, की आम्हाला त्याच्याशी बोलायची चोरी होती.

थोरलीने विचारलं होतं, दरवाजे सरळ का नाहीत, बाणाच्या टोकासारखे का मिटतात? तुम्ही तिला वरच्या दरवाजावर उभं केलंत आणि म्हणालात, टोक कुठे आहे बघ. टोक वरच्या पाण्याकडे होतं. पाणी जितकं जोरात ढकलेल तितके दोन्ही दरवाजे एकमेकांवर घट्ट बसतात, वेगळी कडी लागत नाही. तिने ते वहीत काढून घेतलं. शाळेत दाखवलं की नाही माहीत नाही, पण ऑक्सफर्डला माझ्या भावाला मात्र उभ्या-उभ्या समजावून सांगितलं.

हे सगळं तुम्ही मागे दुसऱ्या नावा वाट पाहत असताना केलंत, आणि एकदाही आईंच्या हातातला दोर स्वतःकडे घेतला नाहीत. तुम्ही घेतला असतात तर काम लवकर झालं असतं. पण पुढच्या लॉकवर कोणी नसलं तर आमचं काय झालं असतं? झालंही तसंच. दुपारच्या जेवणाची वेळ किंवा उशिराची संध्याकाळ असली की लॉकवर माणूस नसतो, बटणं दाबून लॉक आपणच चालवावं लागतं. तेव्हा आईच पुढे होऊन म्हणायच्या, "आधी इंजिन बंद करा बरं."

टेम्सवर जाऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींना माझी एकच विनंती आहे. लॉकवर कोणी भेटलं तर नुसता हात हलवून निघून जाऊ नका. वर पाण्याची काय स्थिती आहे ते विचारा आणि ते थांबा म्हणाले तर थांबा. नदीबद्दल त्यांना जे दिसतं ते फोनवरच्या अंदाजात दिसत नाही.

साहेब, पुढच्या खेपेला ऑक्सफर्डच्या वरच्या भागात जायचा विचार आहे. तिथे लॉकचे दरवाजे अजून हातानेच, लाकडी दांड्याला पाठ लावून ढकलतात म्हणे. धाकट्याने आतापासून एक दांडा स्वतःच्या नावावर लावून घेतला आहे. जाताना तुमच्या लॉकवर थांबूच. अण्णांनी तुमच्यासाठी त्यांच्या जुन्या कालव्यावरच्या दरवाजाचं चित्र काढलं आहे, बाजूला सगळी मापं मीटरमध्ये लिहून. ते या पत्रासोबत पाठवते आहे. गळतीबद्दल तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर चित्राच्या मागे आहे. अक्षर लागलं नाही तर कळवा, अण्णा पुन्हा लिहून देतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
लाल पाटीला तुमच्याकडे थांबलेल्या नावेतली मंडळी