ग्रंथसूचीची शीर्षके आपोआप पडू लागली: बाईंचे जाहीर आभार

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही छापायचे नाही, या एकाच अटीवर आपण आमच्या वाचनालयाच्या ग्रंथसूचीच्या कामाला हात घातला होता. ती अट पाळूनच हे पत्र लिहीत आहे. आभार चार ओळींतही मानता आले असते. परंतु आपण नेमके काय करून दिलेत हे सांगितल्याखेरीज त्या आभारांना वजन येणार नाही, शिवाय जिल्ह्यातील इतर सार्वजनिक ग्रंथालयांनाही त्याचा उपयोग होण्यासारखा आहे, म्हणून जरा तपशिलात शिरतो.

आमची दाखल नोंदवही एक्सेलमध्ये उतरवून झाली, तेव्हा निम्मे काम संपले असे कार्यकारी मंडळाला वाटले होते. प्रत्येक पुस्तकाची एक ओळ, आणि त्या ओळीत दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, वाङ्मयप्रकार आणि किंमत असे रकाने. वाचकाला मात्र ही एक्सेलची पत्रके नको असतात. त्याला 'कादंबरी' असे ठळक शीर्षक, त्याखाली सगळ्या कादंबऱ्या, मग 'चरित्र', मग 'प्रवासवर्णन', अशी हाती धरून चाळता येईल अशी छापील सूची हवी असते. दर वर्षी ही सूची वर्डमध्ये हाताने लावली जात असे. एक्सेलमधून एकेक प्रकार गाळून घ्यायचा, चिकटवायचा, वर शीर्षक टंकायचे, आणि वर्षभरात आलेली नवी पुस्तके मधे घुसवली की पुढची सगळी पाने पुन्हा लावायची. मेल मर्जचे, म्हणजे यादीतली एकेक ओळ घेऊन वर्डच्या एकाच नमुन्यात भरून देणाऱ्या सोयीचे, नाव ठाऊक होते, ते वार्षिक सभेची निमंत्रणे छापण्यापुरते. तीच पत्राची पद्धत सूचीला लावली तर दर पुस्तकाला एक स्वतंत्र पान मिळते, एवढा अनुभव गाठीशी होता.

आपण आलात आणि संगणकाला हात लावण्याआधी विचारलेत, की यादी कशानुसार लावलेली आहे. ती दाखल क्रमांकानुसार होती. मेल मर्ज ओळी वरून खाली एकामागून एक वाचत जातो, त्याला पुढचे दिसत नाही, त्यामुळे एका प्रकारची पुस्तके आधीच एकत्र आणून ठेवली नाहीत तर वर्ड गट पाडूच शकत नाही, हे आपण पहिल्याच बैठकीत स्पष्ट केलेत. त्यातही अकारविल्हे लावले असते तर 'आत्मचरित्र' सर्वांत वर आले असते आणि ज्यासाठी वाचक येतात त्या कादंबऱ्या मागे पडल्या असत्या. म्हणून आपण एक 'क्रम' नावाचा रकाना वाढवून कादंबरीला 1, कथेला 2, कवितेला 3 असे अंक देवविलेत आणि आधी क्रम, मग लेखक, मग ग्रंथनाम अशी तीन पातळ्यांवर यादी लावलीत.

त्यानंतर वर्डमध्ये 'लेटर्स' ऐवजी 'डिरेक्टरी' हा प्रकार निवडलात. जुन्या वर्डमध्ये यालाच कॅटलॉग म्हणत, आणि ग्रंथपालाला तेच नाव जवळचे वाटावे. या प्रकारात प्रत्येक नोंदीनंतर नवे पान सुरू होत नाही, नोंदी सलग एकाखाली एक येतात. मग आपण फील्डची, म्हणजे वर्ड मर्जच्या वेळी स्वतः भरतो किंवा पाळतो अशा महिरपी कंसांतल्या सूचनांची, जी मांडणी केलीत, ती मी माझ्या शब्दांत इथे देतो. आधी एक 'सेट' फील्ड, जे या नोंदीतला वाङ्मयप्रकार 'आताचा' म्हणून लक्षात ठेवते. मग एक 'इफ' फील्ड, जे विचारते की 'मागचा' आणि 'आताचा' वेगळे आहेत का. वेगळे असतील तर आधी शीर्षक छाप आणि मग पुस्तकाची ओळ. सारखेच असतील तर नुसती पुस्तकाची ओळ. सर्वांत शेवटी आणखी एक 'सेट', जे हाच प्रकार पुढच्या नोंदीसाठी 'मागचा' म्हणून ठेवून देते. पहिल्या पुस्तकाच्या आधी काहीच नसते, म्हणून त्याची वेगळी अट लागते, आणि तिच्यासाठी आपण 'मर्जरेक' (नोंदीचा मूळ यादीतला क्रमांक) न वापरता 'मर्जसेक' (या मर्जमधला क्रमांक) वापरलेत. सूचीचा एखादा तुकडाच छापायचा झाला, समजा दहाव्या नोंदीपासून पंचविसाव्यापर्यंत, तर दहाव्या नोंदीला मर्जरेक 10 म्हणतो आणि मर्जसेक 1 म्हणतो. आपल्याला हवा असतो तो हा 1.

हे सगळे ऐकायला सोपे वाटते, पण पहिला अडथळा महिरपी कंसांचा असतो. हे कंस कळफलकावरून टंकले तर वर्ड त्यांना साधी अक्षरे समजतो. कंट्रोल आणि एफ9 दाबूनच ते आणावे लागतात, आणि ऑल्ट व एफ9 दाबले की फील्डची आतली बाजू दिसते. 'इफ' मध्ये छापायचा मजकूर अवतरणांत लिहितात; एंटरचे चिन्ह त्या अवतरणांच्या आत घ्यायचे की बाहेर, यावर दर पुस्तकानंतर एक रिकामी ओळ येते की नाही हे ठरते. पूर्वदृश्यात एका वेळी एकच नोंद दिसत असल्याने तिथे गट पडलेले दिसणार नाहीत, सगळे नव्या दस्तऐवजात मर्ज केल्यावरच खरे चित्र कळेल, असे आपण आधीच बजावून ठेवले होते. तसे नसते तर आमच्या लिपिकाने पूर्वदृश्य पाहूनच काम सोडून दिले असते.

शीर्षकाच्या ओळीला आपण 'हेडिंग 1' ही शैली दिलीत, तेव्हा ती केवळ अक्षरे मोठी दिसावीत म्हणून आहे असे मी समजत होतो. मर्ज झाल्यावर त्याच शैलीतून एका आज्ञेत अनुक्रमणिका तयार झाली, आणि पानाच्या माथ्यावर 'स्टाइलरेफ' फील्ड टाकल्यामुळे ज्या पानावर जो विभाग चालू आहे त्याचे नाव शब्दकोशातल्याप्रमाणे वर येऊ लागले. छापखान्याने आजवर आमच्या सूचीला असे माथे कधी दिले नव्हते.

आता त्या वऱ्हाडी विभागाविषयी, कारण मला सर्वांत मोलाची वाटली ती आपली तेथील नजर. पहिल्या मर्जमध्ये 'वऱ्हाडी बोली' हे शीर्षक दोनदा छापून आले, एकाखाली काही पुस्तके आणि दुसऱ्याखाली उरलेली. दोन्ही शीर्षके डोळ्यांना हुबेहूब सारखी. शब्दापुढे चुकून पडलेली मोकळी जागा हे अशा वेळी नेहमीचे कारण असते, आणि ती आपण 'ट्रिम' सूत्राने आधीच काढली होती. आपण शांतपणे ऱ्ह मधल्या अक्षरामागे कर्सर नेऊन ऑल्ट आणि एक्स दाबलेत, तसे केले की वर्ड त्या अक्षराचा संगणकातला संकेत दाखवतो. एका शीर्षकात 0931 हा संकेत निघाला, दुसऱ्यात 0930, आणि त्याच्यापुढे हलन्त व न दिसणारे एक जोडचिन्ह. मराठीतला हा अर्धा र संगणकावर दोन मार्गांनी लिहिता येतो, एक खाली टिंब असलेल्या ऱ पासून आणि दुसरा साध्या र ला जोडचिन्ह लावून, आणि कळफलक बदलला की मार्ग बदलतो. आमची नोंदवही वेगवेगळ्या स्वयंसेवकांनी आपापल्या कळफलकावर टंकलेली होती. छापील कागदावर या दोघांत काडीचा फरक नाही, पण 'इफ' फील्ड संकेत पाहते, आकार पाहत नाही. एक रूप ठरवून सगळ्या पत्रकात 'शोधा आणि बदला' चालवताच दोन्ही शीर्षके एक झाली. त्यासोबत लेखकांच्या रकान्यातले कऱ्हाडे आणि गोऱ्हेही ठिकाणावर आले. इंग्रजी मदतपुस्तिकांत ही अडचण सापडण्याचे कारणच नाही, त्यामुळे मराठीत याद्या करणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी असे मला वाटते.

सूची झाल्यावर मी भीतभीत स्मरणपत्रांचा विषय काढला होता. पुस्तक परत न केलेल्या सभासदांना पत्रे पाठवायची, तर ज्याच्याकडे तीन पुस्तके आहेत त्याला तीन पत्रे जात, आणि लोक ती पत्रे घेऊन हसत हसत वाचनालयात येत. आपण तीच 'मागचा' आणि 'आताचा' यांची मांडणी इथे लावलीत, फक्त वाङ्मयप्रकाराच्या जागी सभासद क्रमांक घेतलात. नाव का नको, तर एकाच नावाचे दोन सभासद गावात असतातच. क्रमांक बदलला की 'इफ' च्या आत पान तोडायचे, नव्या सभासदाचे नाव आणि मजकूर छापायचा, आणि पुढच्या ओळींत फक्त पुस्तके.

एक पेच मात्र उरत होता. पत्राचा समारोप आणि सही यादीच्या खाली हवी, आणि गटातली शेवटची नोंद कोणती हे वर्डला कळत नाही, ते पुढचा क्रमांक आल्यावरच कळते. मग समारोप पुढच्या पत्राच्या सुरुवातीला, पान तोडण्याच्या आधी छापावा लागतो, आणि अगदी शेवटच्या पत्राला तो मिळतच नाही, हाताने लिहावा लागतो. आपण ही मांडणी करून दाखवलीत आणि लगेच खोडलीत. विनंती व सही वर घ्या, 'खालील पुस्तके आपल्याकडे आहेत' असे म्हणा आणि यादी सहीच्या खाली जोडा, असा उपाय आपण सुचवलात. फील्डमध्ये आणखी गुंता वाढवण्यापेक्षा पत्राचा घाट बदलणे हे मला जास्त शहाणपणाचे वाटले, आणि सरकारी पत्रांत सहीखाली सोबतची यादी असतेच.

परतीची तारीख महिना आधी आणि दिवस नंतर अशी उलटी येत होती, तीही आपण फील्डमध्ये तारखेचा नमुना घालून सरळ केलीत. त्या नमुन्यात महिन्याचे एम मोठ्या लिपीत लिहायचे, लहान लिहिले तर वर्ड तिथे मिनिटे छापतो, हे आपल्या टाचणवहीत लाल शाईने अधोरेखित केलेले आहे.

त्या टाचणवहीसाठी वेगळे आभार मानायला हवेत. तयार सूची हाती देऊन आपण मोकळ्या होऊ शकला असता. त्याऐवजी आपण लिपिकाला शेजारी बसवून रिकाम्या फाइलपासून सगळे त्याच्याकडून करवून घेतलेत, आणि प्रत्येक पायरी मराठीत लिहून ठेवलीत. मूळ दस्तऐवज उघडताना एसक्यूएल आज्ञेची (एक्सेलमधून माहिती आणण्याच्या आज्ञेची) सूचना येते तिला घाबरू नये, एक्सेलची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवू नये, या बारीकसारीक गोष्टीही त्यात आहेत. या वहीची छायाप्रत हव्या असलेल्या कोणत्याही ग्रंथालयाला देण्याची परवानगी आपण दिली आहे, हे मी इथे जाहीर करतो.

बालविभागाची सूची आता लिपिकाने स्वतःच हाती घेतली आहे. तेथील दाखल क्रमांक 'बा-' पासून सुरू होतात आणि काही जुने नुसते अंकांचे आहेत. अशा मिश्र रकान्याचा प्रकार पहिल्या काही ओळींवरून ठरवला जातो आणि न जुळणारे क्रमांक गळतात, हे वहीत वाचून त्याने आधी सगळा रकाना एक्सेलमधल्या 'टेक्स्ट टू कॉलम्स' या सोयीने मजकूर करून घेतला आहे. पहिला मसुदा झाला की तो आपल्या नजरेखालून घालण्यासाठी घरी पाठवू. मुख्य सूचीची आपली प्रत देवघेव विभागात राखून ठेवली आहे. येणे झाले नाही तर तीही मसुद्यासोबत पोचती करू.

आपला नम्र,
ग्रंथपाल