बुबुळाचंच शिकायचं ठरवलंय

कोल्हापूर, रविवार रात्र

ती. आई आणि आबा,
साष्टांग नमस्कार.

सकाळी फोनवर आबा म्हणाले, "डोळ्यांचं एमएस झालं की हायवेला गाळा बघू, मोतीबिंदूची ऑपरेशनं सुरू कर." मी "बघू" म्हणून फोन ठेवला. पण माझं ठरलंय. ते तोंडानं सांगायला धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. मला पुढं कॉर्नियाची फेलोशिप, म्हणजे त्या एकाच भागाचं जादा शिक्षण, करायची आहे. आपण बुबुळ म्हणतो त्याच्यावरचा काचेसारखा पडदा म्हणजे कॉर्निया; बोलताना त्यालाही आपण बुबुळच म्हणतो. मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो तो.

मामा म्हणतात रेटिना कर, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा; शुगरनं तो बिघडतो आणि हल्ली घरटी एक शुगरचा पेशंट आहे. मामांचं खोटं नाही. मीही सहा महिने रेटिनाच धरून बसले होते. अंधाऱ्या ऑपरेशन थिएटरात सर रेटिनावरचा पापुद्रा चिमट्यानं अलगद सोलून काढतात, ते बघताना मी श्वास धरून उभी राहायचे. पैसाही त्यात जास्त आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. कॉर्नियाचा पेशंट बहुतेक रानात राबणारा. एकेक अल्सर, म्हणजे बुबुळावरची चिघळलेली जखम, महिना-दोन महिने चालतो आणि प्रत्येक तपासणीचे पैसे मागायला जीभ रेटत नाही.

तरी कॉर्नियाच का, ते सांगते.

मागच्या हंगामात जानेवारीत बीडकडचा एक ऊसतोडवाला आला. तिशीच्या आतला. तोडणी करताना पाला डोळ्याला लागलेला. उसाच्या पाल्याच्या कडेला कसे करवतीसारखे दात असतात, ते आपल्याला काय सांगायचं. टोळीतल्या बाईनं पदराचा बोळा करून, फुंकर घालून शेकला. मग कुणीतरी दुकानातून ड्रॉप आणून दिला, तो त्यानं आठ दिवस घातला. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडनं लाली उतरते, ठणका कमी होतो. त्याला वाटलं बरं होतंय, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळालं.

माझ्यासमोर बसला तेव्हा बुबुळावर पांढरा डाग होता, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या, आत खाली पुवाचा थर. मी ब्लेडनं डाग हलकेच खरवडला, स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. फांद्या फुटलेले धागेच धागे. पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर बुरा येतो ना आई, त्याच जातीची वस्तू माणसाच्या डोळ्यात वाढत होती.

नॅटामायसिन या बुरशीवरच्या औषधाचे ड्रॉप सुरू केले, दर तासाला, रात्रीसुद्धा. त्याची बायको मोबाइलला गजर लावून उठायची, आणि घातलेला प्रत्येक थेंब औषधाच्या खोक्यावर रेघ मारून मोजायची. सकाळी राउंडला मी ते खोकं हातात घ्यायचे, एक रेघ चुकलेली नसायची. तरी बुबुळाला भोक पडलं. मग कुणी दान केलेलं बुबुळ मिळेपर्यंत थांबणं आलं. ते मिळाल्यावर सरांनी ग्राफ्ट, म्हणजे त्याचा तुकडा, बसवला, गोलाकार सोळा टाके, केसाहूनही बारीक नायलॉनचे. मी असिस्ट केलं. डोळा वाचला, पण नजर अंधुकच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "बाई, कोयता कधी धरू?" आबा, तुम्हाला माहीत आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता. तो पडला की तिचाही रोज बुडतो आणि मुकादमाची उचल तशीच अंगावर राहते. मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री हॉस्टेलवर येऊन मी रेटिनाची फाइल बांधून ठेवली.

त्याच्यासारखा माणूस पहिल्या दोन दिवसांत नीट हातात आला असता तर बहुधा ग्राफ्टची वेळच आली नसती. लवकर ओळखायला फार महागडी यंत्रं लागत नाहीत. मायक्रोस्कोप, स्लाइड आणि खरवडायची सवय असलेला हात, एवढं पुरतं. औषधाचंही तसंच. 2013 साली मदुराईच्या अरविंद या डोळ्यांच्या इस्पितळाचा मोठा वाटा असलेला एक अभ्यास छापून आला. त्यात हे आपलं साधं नॅटामायसिनच व्होरिकोनॅझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधापेक्षा सरस ठरलं. जिथं असले पेशंट रोज येतात आणि असली कामं होतात, तिथं मला शिकायचंय. म्हणून अरविंद आणि हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद हे डोळ्यांचं इस्पितळ, दोन्हीकडं अर्ज करतेय. आधी बाँडचं, म्हणजे सरकारी नोकरीचं सक्तीचं वर्ष, मग साधारण दोन वर्षं तिकडं. परत मात्र कोल्हापुरातच येणार.

माणसाच्या बुबुळाचं पहिलं यशस्वी रोपण 1905 साली झालं. एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरनं ते चुन्यानं डोळे भाजलेल्या मजुरावर केलं. आपल्याकडं तंबाखूच्या चुन्याची पुडी पोरांच्या डोळ्यात फुटते, तसली केस आली की मला तो मजूर आठवतो.

एक गोष्ट मनात सलतेय. आजी गेली तेव्हा मी घरीच होते. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, वय आडवं येत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, हे सगळं मला पाठ होतं. आजीला उंबऱ्यात बसवून पाणी घालेपर्यंत मी घड्याळ बघत राहिले. इतकी माणसं जमलेली, आत्या हंबरडा फोडतेय, माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आबा, मी विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता का? हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

आई, तुझी काळजी मला कळते. लग्नाचं बोलणं थांबव असं म्हणत नाही. दोन वर्षं बाहेर असणार, हे मात्र समोरच्यांना आधीच सांग. तुझे गुडघे आणि आबांचा बीपी सोडून जाताना माझा पाय निघणार नाही, पण हैदराबाद मिळालं तर रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचता येतं. मदुराई लांब आहे, ते खरं.

आबा, एक काम करा. यंदा आपल्या खोडव्याला टोळी येईल, तेव्हा त्यांच्यासाठी पांढऱ्या काचेचे साधे चष्मे आणून ठेवा, मोटरसायकलवाले घालतात तसले. पैसे मी देते. घामानं काच धुरकटते म्हणून ते काढून ठेवतील, तरी मुकादमाला सांगा. आणि कुणाच्या डोळ्याला पाला लागला तर दुकानातला ड्रॉप नको, थेट माझ्याकडं पाठवा.

शनिवारी येतेय. काय बोलायचं ते तेव्हा समोर बोला, मी ऐकेन. आई, तुझ्या गुडघ्याचे एक्स-रे काढून ठेव, जाताना इथल्या ऑर्थोच्या मॅडमना दाखवायला घेऊन येते.

तुमची लेक