छायाचित्राखाली महिना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बदलत्या नदीपात्राच्या भव्य छायाचित्रांच्या प्रदर्शनावरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. छपाईच्या दर्जाचे त्यात केलेले कौतुक रास्तच आहे. मात्र एकाही छायाचित्राखाली ते कोणत्या महिन्यात टिपले याची नोंद नाही, या उणिवेकडे लेखाचे दुर्लक्ष झाले आहे.

एका भिंतभर छायाचित्रात काठच्या कातळावर, पाण्याच्या बराच वर, एक फिकट पट्टा दिसतो. दुरून तो धुक्यासारखा भासतो. जवळ गेल्यावर त्यातल्या आडव्या रेघा दिसू लागतात आणि पाणी टप्प्याटप्प्याने उतरल्याचे कळते. पण ते दुष्काळाने आटले, की धरणातून सोडले गेले? चीनमधील यांगत्सी नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाचा जलाशय पुराचे पाणी सामावता यावे म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी १४५ मीटर पातळीपर्यंत उतरवतात आणि शरद ऋतूत १७५ मीटरपर्यंत भरत नेतात. तिथली जून आणि डिसेंबरमधील दोन छायाचित्रे तारखेविना शेजारी लावली, तर नदी आटली असेच कोणीही म्हणेल.

याउलट, रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठी रॉबर्ट स्टँटन यांनी १८८९-९० मध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीची शेकडो छायाचित्रे काढली होती. रेल्वे काही झाली नाही. पण सुमारे शंभर वर्षांनी संशोधकांनी त्याच जागा हुडकून पुन्हा छायाचित्रे घेतली, तेव्हा १९६३ मध्ये वरच्या अंगाच्या ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडवल्यावर पुरांचा जोर ओसरून काठावर झाडी कशी माजली, हे उघड दिसले. जागा आणि काळ ठाऊक नसता, तर ही तुलनाच शक्य नव्हती.

कलावंताला नोंदवहीत कशाला जखडायचे, असे कोणी विचारील. जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्की यांनी ऱ्हाइन नदीच्या १९९९ मधील छायाचित्रातून काठावरची इमारत संगणकावर चक्क पुसून टाकली आणि २०११ च्या लिलावात त्याला ४३ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. त्यात गैर काही नाही, कारण त्यांनी हा फेरफार लपवला नाही. परंतु ज्या प्रदर्शनाचा विषयच नदीतील बदल आहे, तिथे प्रेक्षक छायाचित्राकडे पुरावा म्हणूनच पाहणार.

आयोजकांनी निदान महिना, वर्ष, ठिकाण आणि वरच्या अंगाला धरण आहे की नाही, एवढे प्रत्येक छायाचित्राखाली छापावे. प्रदर्शन अजून सुरू असल्याने हे सहज शक्य आहे.

आपला,
एक वाचक