गोधडीच्या युक्तीबद्दल जिभाऊंचे जाहीर आभार

जिभाऊ, रामराम.

जनावरांच्या दवाखान्यातून तुम्ही निवृत्त झालात, तुमचा फोन मात्र झाला नाही. त्यातले निम्मे फोन आमचेच, आणि तेही रात्री अकरानंतर: ‘पिल्लू परत पलंगावर चढलं, काय करू?’ म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. आभार तर मानायचेच आहेत. शिवाय जळगाव, धुळे, अमळनेरकडे ज्यांच्या घरी पामेरियन, पग, डॅशहाउंड किंवा गल्लीतलंच एखादं छोटं पिल्लू आलंय, त्यांनी तुम्हाला उठवण्याआधी हे वाचावं.

कुत्र्यानं रात्री आपल्या पलंगावर न येता स्वतःच्या जागी झोपावं, यासाठी तुमच्याकडून मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे त्याला कोपरा शिकवायचा नाही, गोधडी शिकवायची. आपल्याकडे घराची झोप वर्षातून तीनदा जागा बदलते. उन्हाळ्यात गच्ची नाहीतर अंगणातली बाज, पावसाळ्यात पुढची खोली, थंडीत दार लावून आतली खोली. कोपरा शिकलेल्या कुत्र्याची जागा दरवेळी हरवते. मग न बदलणारी एकच गोष्ट त्याला सापडते, ती म्हणजे आपलं अंथरूण. गोधडी शिकलेला कुत्रा गोधडी जिथे पसरेल तिथे झोपतो. बाजारातली फोमची गादी छान दिसते, पण मे महिन्यात तापते आणि गच्चीवर नेता येत नाही, म्हणून आम्ही ती सोडून दिली.

गोधडीचं माप असं. कुत्रा आडवा पसरलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजायचं आणि वर वीतभर धरायचं. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे चार पदर पुरतात. तीन बाजूंना कापडाची गुंडाळी शिवून मनगटाएवढी कड काढायची, म्हणजे हनुवटी टेकायला आधार मिळतो. पुढची बाजू सपाट ठेवायची. बटण, चेन, झालर काही नको. दात येणाऱ्या पिल्लाला कापूस भरलेली गादी तर मुळीच नको, कारण गिळलेला कापूस किंवा दोरा आतड्यात अडकला की प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं. वरचा पदर घरातल्या माणसाच्या वापरलेल्या, न धुतलेल्या कपड्याचा असावा. असे दोन पदर करून आलटूनपालटून धुवायचे. सगळंच एकदम धुतलं की वास जातो, आणि कुत्र्याच्या लेखी ती नवीनच गोधडी होते.

शिकवायचं दिवसा. रात्री आपण थकलेले असतो आणि कुत्र्याला ते कळतं. हरभऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे दहा तुकडे घ्यायचे, भाकरीचेही चालतात. भरीत-भाकरीतली भाकरी द्या, भरीत नको. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आणि मनुकाही तशाच. एक तुकडा गोधडीवर टाकायचा आणि गप्प राहायचं. हाक नाही, ओढणं नाही, उचलून ठेवणं तर नाहीच. चारही पाय गोधडीवर आले की दुसरा तुकडा. तीन मिनिटं झाली की आवरायचं. दिवसातून तीन-चार वेळा एवढं पुष्कळ झालं.

दोन दिवसांनी तो स्वतःहून गोधडीवर येऊन तोंडाकडे बघायला लागतो. आता नुसतं येण्याला खाऊ नाही, बसल्यावर किंवा आडवा झाल्यावर. खाऊ हातात उंच धरला की कुत्रा उठतो. खाऊ त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मधे, गोधडीवरच ठेवायचा, म्हणजे मान खाली राहते. शब्द यानंतर जोडायचा, आधी नाही. आम्ही ‘जागेवर’ म्हणतो. शब्द कोणताही चालेल, पण घरात एकच हवा. सून ‘बस’ म्हणते, आजी ‘बठ’ म्हणते आणि पोरं इंग्रजीत ‘सिट’ म्हणतात. त्यात कुत्र्याचा काय दोष?

मग वेळ वाढवायची: पाच सेकंद, दहा, वीस, आणि मधेच परत पाच. प्रत्येक वेळी आधीपेक्षा अवघड झालं की तो कंटाळून उठतो. त्यानंतर एक पाऊल मागे जायचं, दोन पावलं, दाराबाहेर. शेवटी गोधडी उचलून दुसऱ्या खोलीत, ओट्यावर, गच्चीवर पसरायची आणि तिथे पुन्हा चारही पाय टेकण्यापासून सुरुवात करायची. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि मग एप्रिलात तुम्हाला फोन करतात.

रात्रीचं वेगळं. संध्याकाळचं खाणं झोपण्याआधी तीन तास. पाण्याचं भांडं मात्र उचलायचं नाही, आपल्या उन्हाळ्यात तर अजिबात नाही. झोपण्याआधी बाहेर नेऊन शू. पहिल्या रात्री गोधडी आपल्या अंथरुणाला लागून, हात खाली सोडला तर पाठीला लागेल इतकी जवळ. दोन-तीन शांत रात्री गेल्या की फूटभर लांब सरकवायची. अस्वस्थ झाला तर मागच्या जागी आणायची आणि आणखी दोन रात्री थांबायचं. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. कानबाईच्या रोटाच्या सणाला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना किंवा दिवाळीच्या फटाक्यांत सुरुवात करू नये.

पिल्लाचं मूत्राशय लहान. जितके महिने वय त्यात एक मिळवायचा, जास्तीत जास्त तितके तास ते थांबू शकतं, हा तुमचा हिशेब आम्हाला पाठ झालाय. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन तास. मग अडीच तासांचा गजर लावायचा आणि त्यानं रडण्याआधीच उठवायचं. दिवा न लावता, न बोलता, न खेळवता बाहेर न्यायचं आणि परत गोधडीवर सोडायचं. रडल्यावर उठलो, तर रडलं की माणूस उठतो एवढंच ते शिकतं.

इथे जवळपास सगळ्यांची एकच चूक होते. पहिल्या रात्री दहा मिनिटं रडू दिलं आणि पलंगावर घेतलं. दुसऱ्या रात्री मन घट्ट केलं, अर्ध्या तासानं घेतलं. घरच्यांना वाटतं आपण कडक झालो. कुत्रा शिकला की अर्धा तास रडावं लागतं. पहिल्या दिवसांत त्याला एकटं रडत ठेवायचंच नाही, हात खाली सोडून पाठीला लावायचा. पण पलंगावर एकदाही नाही. चढलाच तर रागवायचं नाही, काही बोलायचंही नाही, उचलून गोधडीवर. एका रात्रीत आठ वेळा चढला तर आठ वेळा. मधरात्री तो आपणहून परत गेला की हळूच ‘शाबास’ म्हणायचं. आणि आजोबांनी गुपचूप पांघरुणात घेणं आधी बंद करायला हवं. कुत्र्यापेक्षा आजोबांना वेळ जास्त लागतो, हे तुमचंच म्हणणं. डॅशहाउंडच्या बाबतीत हे निव्वळ शिस्तीचं नाही. लांब पाठीच्या त्या कुत्र्यानं रोज पलंगावरून उड्या मारल्या तर मणक्याला इजा होऊ शकते.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही जे समजावलंत, त्यानं कितीतरी कुत्र्यांचा ओरडा वाचला. मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की कुत्रा गोधडी सोडून उघड्या फरशीवर पसरतो. तो हट्ट नव्हे. त्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून आणि पोट गार फरशीला लावून उष्णता घालवतो. तेव्हा चार पदरांची गोधडी काढून फक्त वरचा वासाचा पदर फरशीवर पसरायचा, किंवा वीतभर उंचीच्या नवारीच्या बाजेवर, म्हणजे खालून वारा लागतो. गच्चीवर सूर्य मावळल्यावर सडा टाकायचा आणि पसरण्याआधी हाताची मागची बाजू सात सेकंद स्लॅबवर ठेवून बघायची. आपल्याला सोसलं नाही तर त्यालाही सोसणार नाही. कठड्याच्या जाळीतून डोकं जात असेल तर छोटा कुत्रा अख्खा जातो, तिथे आधी आडोसा लावायचा. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला रात्रीही खोलीत कूलरपाशी ठेवावं, पण झोत थेट अंगावर नको.

थंडीच्या बाबतीत मात्र जिभाऊ, तुमचा सल्ला थोडा जुना झालाय. पिल्लाशेजारी बल्ब लावा म्हणता, पण आताचा एलईडी बल्ब ऊब देतच नाही. धुळ्याला पारा एक आकडी होतो तेव्हा आम्ही कोमट पाण्याची बाटली दोन फडक्यांत गुंडाळून गोधडीच्या एकाच कडेला ठेवतो. नको वाटलं तर त्याला दुसरीकडे सरकता आलं पाहिजे.

महिनोन्‌महिने नीट झोपणारा कुत्रा एकाएकी रात्री उठबस करू लागला तर ते शिकवण्याचं काम नव्हे. कान, पायांच्या बोटांमधली जागा, शेपटीखाली बघायचं. गोचीड निघते. ती भिंतीच्या भेगांतही राहते, म्हणून गोधडी गरम पाण्यात धुवून दिवसभर उन्हात टाकायची आणि औषध डॉक्टरांकडूनच घ्यायचं. घरात कपाशीवर फवारायचं औषध पडलेलं असतं म्हणून तेच पाण्यात मिसळून कुत्र्याला चोळणं, हे आपल्या भागात अजून चालतं आणि त्यानं कुत्री मरतात. हे तुम्ही प्रत्येक घरी न चुकता सांगितलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

फी तुम्ही घेत नाही, म्हणून तुमच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी चौपदरी गोधडी शिवली आहे, तीन बाजूंना कड काढून. वरचा पदर मुद्दाम लावलेला नाही. तुमचं एखादं वापरलेलं धोतर द्या, न धुता. टाके आम्ही घालून देतो.

तुमची,
रात्री अकराला फोन करणारी मंडळी