एक-दोन म्हणजे कोणते?

प्रिय आई आणि अण्णा,

सा. नमस्कार.

परवा फोनची रेंज गेली असं मी आईला नंतर सांगितलं. ते खोटं होतं. फोन मीच ठेवला. ‘तुझे हरणं माझा हरभरा खायलेत आन् तू मलाच कायदा शिकवायलीस’ असं अण्णा म्हणाले आणि मला पुढं काही सुचेना. शेजारी साहेब बसले होते, त्यामुळं सुचलं असतं तरी बोलता आलं नसतं. म्हणून लिहायला बसले. आई, तूच वाचून दाखव. अण्णांचा चष्मा फुटलाय हे मला कळलंय, तुम्ही दोघांनी कितीही लपवलं तरी.

हरभऱ्याचं नुकसान खरं आहे. त्यावर मी वाद घालत नाही. लहानपणी वरच्या पट्टीत निंदायला जायचो तेव्हा हरभऱ्याची आंब लागून पोटऱ्या चुरचुरायच्या, आणि मध्येच दहा-बारा ओळी अशा यायच्या की तिथं काही चुरचुरायचंच नाही, कारण शेंडाच शिल्लक नसायचा. विळ्यानं कापल्यासारखा साफ. वनरक्षक झाले म्हणून ते विसरले नाही. आता गावोगावी पंचनामे करताना दुसऱ्यांच्या शेतात तेच बघते, फीत धरते, फोटो काढते, आणि पैसे कधी येतील ते मला सांगता येत नाही. लोक मला काय काय म्हणतात ते आईला सांगितलं तर ती मला नोकरी सोड म्हणेल.

रोही (नीलगायी) आणि रानडुकरं नुकसान करत असतील तर त्यांना मारायची परवानगी निघते, मग हरणाची का निघत नाही, हा तुमचा प्रश्न. फोनवर मी सांगितलं ते एवढंच, की रोही-डुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे यादीत, आहेत आणि काळवीट पहिल्या. पहिल्या अनुसूचीतलं जनावर माणसाच्या जिवावर उठलं, नाहीतर बरं न होण्याइतकं जखमी किंवा आजारी असलं तरच मारता येतं, तेही राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कारण लिहून परवानगी दिली तर. आता काळवीट कुणाच्या जिवावर उठणार? (आणि अण्णा, काळवीट आणि रोही ही खरं तर हरणं नव्हेतच. ज्यांची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात ती हरणं: सांबर, चितळ. काळवीट, चिंकारा, रोही यांची शिंगं आयुष्यभर तीच. पण आपल्याकडं सगळ्यांना हरीणच म्हणतात, मीही म्हणते.)

तुमचा प्रश्न मात्र कायद्याचा नव्हताच. तुम्ही म्हणालात, ‘कायदा बाजूला ठेव. कळपातले एक-दोन मारले तर काय पाप हाय?’

ठेवला बाजूला. एक-दोन म्हणजे कोणते, ते सांगा.

बंदुकीवाल्याला विचारलं तर तो काळा नर दाखवेल. लांब पिळाची शिंगं, काळी पाठ, पांढरं पोट. तोच नजरेत भरतो. पूर्वीचे शिकारीही तोच मारायचे, भिंतीवर लावायला. पण हरभऱ्याला त्याचा काय उपयोग? एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो. तो गेला तर त्याच्या जागेवर दुसरा येऊन उभा राहतो आणि पुढच्या वर्षी पाडसं तेवढीच. कळप कमी करायचा तर मादीच मारावी लागते. हे मी माझ्या मनानं सांगत नाही, साधा हिशेब आहे. तुम्हीही शेळ्यांचा कळप ठेवता, बोकड विकून कळप कमी होत नाही.

म्हणजे मादी. आता मादीत कोणती?

मागच्या फेब्रुवारीत एक हरणी विहिरीत पडली. पडीक विहीर, कठडा नाही, तीन परस खोल, तळाला गुडघाभर पाणी. गावातल्या पोरांनी बाज सोडली आणि मी खाली उतरले. हरीण हाताळलं की नुसत्या भीतीनंही मरू शकतं, म्हणून आधी तिच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली. डोळे झाकले की ते जनावर एकदम गप्प होतं, अंगात फक्त काळीज उडत राहतं. पाय बांधायला हात खाली नेला तर हाताला काहीतरी कोमट, चिकट लागलं. रक्त असेल वाटलं. दूध होतं. कास भरून गळत होती.

वर जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला होता, ‘एकटीच फिरत होती, सकाळपासून बघतोय, संगं पिल्लू-बिल्लू काही नाही.’ वर आणून सोडली तर ती पळाली नाही. वीसेक पावलांवर थांबली, कान फिरवले आणि सरळ तुरीत शिरली. आम्ही मागं गेलो नाही. नव्या पाडसाला ती गवतात, पिकात लपवून ठेवते आणि फक्त पाजायला जाते, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. शिकवलेलं आणि हाताला लागलेलं यात फरक असतो.

आणि गाभण? सहा महिने पोटात असतं. शेवटी-शेवटी पोट दिसतं, त्याआधी कुणाला ओळखू येत नाही. शिवाय काळविटाला एक ठरावीक मोसम नाही. कमी-जास्त असेल, पण बाराही महिने कुठली तरी मादी गाभण असते आणि कुठली तरी पाजत असते. तेव्हा ‘अमुक महिना मोकळा’ असं मला तरी सांगता येत नाही.

अण्णा, आबांची गोष्ट तुम्हीच मला सांगितलेली आहे, पुन्हा तुम्हालाच सांगते. ७२चा दुष्काळ. आज्जी खडी फोडायला जायची, घरात मिलो ज्वारीची लाल भाकर. आबांकडं पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. ओढ्याच्या शेवटच्या डबक्यावर हरणी आली आणि आबांनी तिथंच टाकली. तुम्ही आठ वर्षांचे, पाठीमागं उभे. पोट फाडलं तेव्हा आत तयार पाडस निघालं, लव आलेलं. आज्जीनं ते मटण चुलीवर चढवू दिलं नाही. भुकेच्या दिवसांत. तुम्ही मला सांगितलं होतं की आबांना मारल्याचं वाईट वाटलं नव्हतं; पाण्यावर आलेलीला मारल्याचं वाटलं. बंदूक त्यांनी नंतर जमा केली.

त्याच १९७२ साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. परीक्षेसाठी मी त्याचा जुना मजकूर वाचला होता आणि वाचताना आबाच आठवले. तेव्हा शिकारीवर सरसकट बंदी नव्हती, परवाना मिळायचा. पण मादी आणि पिल्लू मारायचं नाही. शिंगांवर अजून लव आहे असं हरीण मारायचं नाही. पाणवठ्यावर नाही, सूर्य मावळल्यावर नाही, दिव्याच्या झोतात नाही, गाडीवरून नाही. राज्य सरकारनं बंद काळ जाहीर केला तर त्यात नाही. १९९१ साली परवान्यांची ती सगळी कलमंच काढून टाकली आणि शिकार बंद झाली. पण कोणतं आणि कधी याचा विचार तोवर कायद्यातही होता.

कायद्याच्याही आधी तो होता. माझ्या बीटवर, म्हणजे माझ्याकडं राखायला असलेल्या भागात, एक पारधी काका वणवा अडवायच्या जाळरेषा काढायला येतात, साठी ओलांडलेली. त्यांचे वडील शिकवलेली गाय पुढं घालून तिच्या आडून माळावर फासे मांडायचे. फाशात गाभण किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचे. माधव गाडगीळ आणि मल्होत्रा या अभ्यासकांनीही फासेपारध्यांची ही रीत लिहून ठेवलेली आहे. मी काकांना विहिरीतल्या दुधाचं सांगितलं तर हसले, ‘बाई, हरणी एकटी दिसली की पाडस निजवून आली समजायचं.’ इंग्रजांनी या माणसांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, १९५२ साली तो शिक्का कागदावरून निघाला, आणि आपल्या गावात चोरी झाली की अजून आधी कुणाच्या पालावर जातात ते तुम्हाला माहीत आहे. असो, विषय तो नाही. फासा सोडून देता येतो, पाय चोळून जनावर उभं करता येतं. गोळीला ती सोय नाही.

मग रोह्याचं काय, तिथं परवानगी देताच की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, आणि तिथं माझी पंचाईत होते. रोह्याच्या मादीच्या पोटातही पिल्लं असतात, पुष्कळदा दोन. रोही म्हणून तिला कमी दुखतं असं काही नाही. दिवाळीनंतर एका गावात परवानगीवर रोही मारला. बंदूकवाला दुपारभर चहा पीत बसला आणि दिवस मावळताना गोळी झाडली. ती पोटात लागली. जनावर उसात गेलं, अंधार पडला, माग काढता आला नाही. तिसऱ्या दिवशी वासावरून सापडलं. परवानगीच्या कागदावर सगळं नियमाप्रमाणं होतं. ते ओढत गेलं तेवढ्या सऱ्यांतला ऊस आडवा झालेला मी बघितला, पुष्कळ लांबवर. सकाळी झाडली असती तर उरलेला दिवसभर माग काढता आला असता. इतकी साधी गोष्ट, पण पहाटे उठायचं कोणी?

तेव्हा माझं असं आहे. रोह्याचा अर्ज मी आणते, भरूनही देते, तुमची तूर खरंच गेली आहे. पण गावात सांगा: नेम धरता येणाराच माणूस बोलवायचा, पहाटे यायचं, तळ्यावर दबा धरायचा नाही, कळपात गोळी टाकायची नाही, आणि जखमी झालं तर सापडेपर्यंत घरी जायचं नाही. त्यांना हे जमणार नसेल तर अर्जावर तुमची सही नको. मुलगी खात्यात आहे म्हणून नाही. आबांच्या मागं उभे होतात म्हणून.

हरणाचा अर्ज माझ्याकडं नाही. असता तरी कोणत्या मादीवर बोट ठेवायचं ते मला ठरवता आलं नसतं. यावर तुम्ही ‘मग आम्ही मरायचं का’ म्हणाल आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. नुकसानीच्या अर्जामागं मी लागते. हरभऱ्याचे घाटे भरेपर्यंतचे दिवस राखणीचे आहेत. मी चार दिवस रजा टाकली आहे, शनिवारी रात्री पोचेन. माळ्यावर मी बसते, अण्णांनी घरात झोपायचं. गोफण मला अजून येते, डबा वाजवता तर नक्कीच येतो.

आई, गुडघ्याची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नकोस. अण्णांच्या जुन्या चष्म्याचा नंबर मला पाठव, येताना इथूनच करून आणते.

आणि एक. आपल्या वरच्या पट्टीतली जुनी विहीर, जिचं पाणी मी पाचवीत असताना आटलं, तिला अजून कठडा नाही. मी येईपर्यंत तिच्या कडेनं बोरी-बाभळीच्या काट्या टाकून ठेवा. दगड आपण दोघं मिळून रचू.

तुमची,
ताई