एका नावाची दोन वर्डप्रेस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संकेतस्थळ कसे बनवावे यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. नवशिक्याला धीर देणारा लेख आहे, पण ‘वर्डप्रेस मोफत आहे’ या त्यातल्या एका वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या गेल्या आहेत. लहान संस्थांची संकेतस्थळे बांधून देणे आणि पुढे ती सांभाळणे हे माझे काम आहे. या गोंधळात सापडलेली माणसे मला वारंवार भेटतात, म्हणून हे पत्र.

वर्डप्रेस हे मुळात संकेतस्थळ बनवण्याचे सॉफ्टवेअर. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी ते २००३ मध्ये आणले. जीपीएल या खुल्या परवान्यामुळे ते कोणालाही उतरवून घेता येते, बदलता येते, वाटता येते. ते मिळते वर्डप्रेस डॉट ऑर्गवर. चालवायला सर्व्हरवरची, म्हणजे इंटरनेटला सतत जोडलेल्या संगणकावरची, जागा मात्र आपण घ्यायची. वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच सॉफ्टवेअरवर चालणारी सेवा असून ती ऑटोमॅटिक या कंपनीची आहे. ही कंपनी मलनवेग यांनीच २००५ मध्ये काढली. तिथे जागा फुकट मिळते. पण मोफत योजनेत पत्त्यामागे त्यांचे नाव लागते, पानांवर त्यांच्या जाहिराती येतात आणि आपल्या पसंतीचे प्लगइन (जादा सोयी देणारे जोड-सॉफ्टवेअर) बसवायचे म्हटले की पैसे भरावे लागतात. यात फसवणूक काहीच नाही, सगळे आधी सांगितलेले असते. मात्र लेख वाचून कोणी डॉट कॉमवर खाते उघडले आणि डॉट ऑर्गच्या सूचना शोधत बसला, तर त्यात सांगितलेली बटणे त्याला सापडणार नाहीत.

खरी अडचण येते ती जागा बदलताना. एका संस्थेने वर्षानुवर्षांचे कार्यक्रम, अहवाल, फोटो डॉट कॉमवर ठेवले होते. स्वतःच्या सर्व्हरवर जायचे ठरले तेव्हा त्यांनी ‘एक्स्पोर्ट’चे बटण दाबले, एक्सएमएल फाइल उतरवली, आणि सगळे हाती आले असे समजून जुने संकेतस्थळ काढून टाकले. ती फाइल मी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून त्यांना दाखवली. लेख होते, प्रतिक्रिया होत्या, तारखा होत्या; फोटोंच्या जागी मात्र नुसते पत्ते होते. नवे संकेतस्थळ ती फाइल वाचते आणि फोटो त्या जुन्या पत्त्यांवरून ओढून आणते. पत्ताच बंद झाल्यावर आणणार कुठून? म्हणून फोटोंचा साठा आधी वेगळा उतरवून घ्यावा आणि नव्या ठिकाणी प्रत्येक पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुन्याला हात लावू नये. थीमची, म्हणजे संकेतस्थळाच्या रूपाची, मांडणी आणि सेटिंग्जही या फाइलमधून येत नाहीत, ती नव्याने करावी लागतात.

एवढे वाचून ‘मग स्वतःचाच सर्व्हर बरा’ असे कोणी लगेच ठरवू नये. तिथे राखणदारीही आपलीच. सॉफ्टवेअरच्या किरकोळ सुरक्षा-दुरुस्त्या ३.७ या आवृत्तीपासून आपोआप बसतात, पण प्लगइन जुनेच राहिले तर दार उघडेच. अशा एका संकेतस्थळाच्या ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये, जिथे फक्त फोटो आणि पीडीएफ असायला हवेत, तिथे मला एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम, सापडली. नाव फोटोसारखे, काम मात्र येणाऱ्याला भलत्याच पानावर पाठवण्याचे. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर, आणि तोही बिघडलेला. होस्टिंगवाल्यांनी हात वर केले. कराराप्रमाणे ते बरोबरच होते: त्यांनी जागा दिली होती, संकेतस्थळाची देखभाल नव्हे.

म्हणून संस्थेत अपडेट आणि बॅकअप नेमाने पाहणारा माणूस नसेल, तर मी स्पष्ट सांगते की पैसे भरून डॉट कॉमसारखी सेवा घ्या. तो माणूस असेल आणि हवे ते प्लगइन, हवे ते बदल करायचे असतील, तर डॉट ऑर्ग. फुकटाचा मोह दोन्हीकडे बाजूला ठेवावा.

आपल्या लेखात राहून गेलेली आणखी एक गोष्ट म्हणजे डोमेन, संकेतस्थळाचा स्वतःच्या नावाचा पत्ता. कुठलीही वाट धरली तरी ते पहिल्या दिवशीच घ्यावे, कारण स्वतःचे डोमेन असले की मागची जागा बदलली तरी वाचकाला पत्ता बदलावा लागत नाही. त्याची नोंदणी संस्थेच्या नावाने करावी. बांधून देणाऱ्याच्या नावाने नको, आणि यात मी माझ्यासारख्यांनाही धरते. नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येते, तो एकाहून अधिक पदाधिकाऱ्यांना उघडता आला पाहिजे. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग हा फरक आणि डोमेनची ही बाब चौकटीत छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक